५३ वर्षांची उधारी: मांजर आणि अधिवृक्क ग्रंथी

१९३० साल. अमेरिकेतील प्रिन्स्टन येथील प्रयोगशाळेत मरणासन्न अवस्थेत निपचित पडलेली मांजरे पुन्हा उठून चालू लागली. त्यांच्या दोन्ही अधिवृक्क ग्रंथी शस्त्रक्रियेने काढलेल्या होत्या आणि अशा मांजराला मृत्यूवाचून दुसरी वाट नसते, असाच तोवरचा अनुभव होता. विल्बर स्विंगल आणि जोसेफ फिफनर या संशोधकांनी गुरांच्या ग्रंथींपासून काढलेला अर्क टोचून त्यांना परत आणले. त्याच वर्षी तो अर्क मेयो क्लिनिकमधील माणसांनाही दिला गेला.

आणि पाळीव मांजरालाही हाच आजार आपसूक जडतो, याची नोंद पशुवैद्यकाच्या नियतकालिकात केव्हा झाली? १९८३ साली. आजचा धागा या ५३ वर्षांच्या अंतराविषयी.

प्रथम ग्रंथीविषयी. मूत्रपिंडालगत असणाऱ्या या लहानशा जोडीचे वर्णन इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञ बार्तोलोमेओ युस्ताकी याने १५६३ मध्ये केले. ती कशासाठी आहे, हे पुढची जवळजवळ तीन शतके कोणालाच उमगले नाही. १८५५ मध्ये लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधील टॉमस अॅडिसनने अकरा रुग्णांची हकिकत छापली. विलक्षण अशक्तपणा, वांत्या, त्वचेवर चढत जाणारी काशासारखी काळसर झाक. आणि शवविच्छेदनात या ग्रंथी रोगग्रस्त आढळलेल्या, अनेकदा क्षयाने.

पुढच्याच वर्षी ब्राउन-सेकार्दने प्राण्यांच्या ग्रंथी काढून दाखवले की ते जगत नाहीत. लगेच दुसऱ्याने पांढरे उंदीर पुढे केले: ग्रंथी काढल्या, तरी हे जगतातच! हा वाद पुष्कळ काळ चिघळला. गोम अशी की, अनेक उंदरांच्या शरीरात या ऊतीचे सुटे कण इतरत्रही असतात आणि तेच काम चालवून नेतात. मांजराच्या बाबतीत उत्तर अधिक स्वच्छ मिळे. प्रयोगशाळेत मांजर आले त्याचे एक कारण हे. ते निवाडा करण्यायोग्य होते. त्या निवाड्याची किंमत कोणी मोजली, हे निराळे सांगायला नको.

दुसरा घोळ ग्रंथीच्या रचनेमुळे झाला. तिचे भाग दोन: आतला गाभा आणि बाहेरचे बाह्यक. १८९४ मध्ये ऑलिव्हर आणि शेफर यांनी दाखवले की ग्रंथीच्या अर्काने रक्तदाब झपाट्याने चढतो. १९०१ मध्ये ताकामिने यांनी शुद्ध अॅड्रेनालिनची माहिती प्रसिद्ध केली. हार्वर्डमध्ये वॉल्टर कॅननने मांजरासमोर भुंकणारा कुत्रा आणून त्याच्या रक्तातील हेच द्रव्य तपासले. सगळी कीर्ती गाभ्याला मिळाली. ग्रंथी काढलेला प्राणी मात्र अॅड्रेनालिनने वाचत नव्हता. जीव होता तो बाह्यकात. शरीरातील मीठ आणि पाणी यांचा तोल राखणारी, ताण सोसण्याचे बळ देणारी संप्रेरके तेथे तयार होतात. प्रिन्स्टनचा अर्क नेमका या बाह्यकाचा होता. बफेलोमध्ये फ्रँक हार्टमनही त्याच सुमारास त्याच मुक्कामी पोहोचला होता.

पुढचा प्रवास वेगाने झाला. १९३७ मध्ये टाडेउस राइशस्टाइनच्या प्रयोगशाळेत डेसॉक्सिकॉर्टिकोस्टेरॉन कृत्रिमरीत्या तयार झाले. १९५० मध्ये राइशस्टाइन, केंडल आणि हेंच यांना नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाचा अॅडिसन रोग असाध्य उरला नाही.

मग घरातले मांजर मागे का राहिले? माझ्या मते याची कारणे दोन. एक तर आजार खरोखरच दुर्मीळ आणि त्याची लक्षणे अत्यंत सामान्य: खाणे सुटते, वजन उतरते, मांजर कोपऱ्यात पडून राहते. अॅडिसनला वाट दाखवणारी त्वचेची झाक येथे मदतीला येत नाही. रक्त तपासावे तर मूत्रपिंडाचे आकडे बिघडलेले दिसतात. आणि मूत्रपिंडाचा विकार म्हाताऱ्या मांजरांत इतका आढळतो की निदान तेथेच थांबावे. दुसरे कारण साधनांचे. रक्तातील संप्रेरक थेंबाथेंबात असते. ते मोजण्याची किरणोत्सर्गी पद्धत रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९५०च्या दशकाअखेरीस घडवली, आणि पशुवैद्यकाच्या हाती ती यायला आणखी काळ गेला.

१९८३ मध्ये एका मांजराची हकिकत प्रसिद्ध झाली. लेखकांत न्यूयॉर्कचे मार्क पीटरसन होते. मांजरांतील अतिक्रियाशील थायरॉइडकडे १९७९ मध्ये लक्ष वेधणारेही तेच. १९८९ मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी आणखी दहा मांजरांचा वृत्तांत दिला. अॅल्डोस्टेरॉन अति स्रवणाऱ्या गाठीची मांजरातील पहिली नोंदही योगायोगाने १९८३चीच. त्या आजारात रक्तातील पोटॅशियम घसरते, मान छातीकडे झुकते आणि चढलेल्या रक्तदाबाने दृष्टीही जाऊ शकते.

निदानाची रीत आता ठरलेली आहे. सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त दिसले की संशय घ्यावा. मग पोषग्रंथीचे उत्तेजक संप्रेरक टोचून, आधी आणि सुमारे तासाभराने कॉर्टिसॉल मोजावे. ग्रंथी निकामी असेल तर आकडा जागचा हलत नाही. उलट कॉर्टिसॉल अति झाल्याची शंका असेल, म्हणजे मधुमेह आटोक्यात येत नाही आणि कातडी कागदासारखी फाटते, तर डेक्सामेथासोन देऊन ते दबते का पाहतात. येथे कुत्र्याचे गणित चालत नाही: मांजराला शरीराच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे कुत्र्याच्या दहापट, ०.१ मिलिग्रॅम मात्रा लागते. मांजर म्हणजे लहान कुत्रा, या समजुतीने किती निदाने चुकली असतील!

अॅडिसनच्या मांजराला शिरेतून सलाइन आणि स्टेरॉइड सुरू केल्यावरही कुत्र्यासारखी झटपट उभारी येत नाही. तीन ते पाच दिवस ते मलूलच राहू शकते. उपचार व्यर्थ समजून या टप्प्यावर हात आखडला, तर वाचणारे मांजर गमावले जाते. ते दिवस पार पडले की पुढे रोजचे प्रेडनिसोलोन आणि साधारण महिन्याकाठी एक इंजेक्शन. त्यातले औषध राइशस्टाइनच्या १९३७ मधील रेणूचेच दीर्घकाळ टिकणारे रूप आहे. बाटलीवर मात्र ते कुत्र्यांसाठी असल्याचे छापलेले असते.