सोलापूरचे डफ-तुणतुणे

वाचकहो, सोलापूर म्हटले की तुम्हाला चादर आठवते, गिरणी आठवते, सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा आठवते. पण या जिल्ह्याने महाराष्ट्राला गाणारे गळेही दिले. ते निरनिराळ्या घरांतून आले, आणि गाण्याची किंमत ज्याला त्याला मोजावी लागली.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापुरात जोश्यांचे एक विद्वान घराणे होते. थोरले बंधू मुद्गल हे नामांकित शास्त्री. धाकटा राम मात्र दिवेलागण झाली की धोंडी शाहिराच्या फडात जाऊन बसायचा. भटाचे पोर तमाशात! भावाने घराबाहेर काढले. राम पंढरपुरास गेला, संस्कृत शिकला आणि परतला तो कीर्तन करू लागला. पण डफ काही सुटला नाही. पुढे पुण्यास दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी त्याच्या लावणीला मान मिळाला.

शास्त्र शिकून मुलगा वाया गेला, असे काही जुने लोक म्हणत. मला हे पटत नाही. ते शास्त्र त्याने फडात उतरवले. मराठी, संस्कृत, कानडी आणि हिंदुस्तानी अशा चार भाषा एकाच लावणीत गुंफणारा हा कवी! ज्या गावात बाजाराला गेले तरी तीन भाषा कानांवर पडतात, त्या गावचाच माणूस हे करू जाणे. बारामतीच्या मोरोपंतांनीही त्याचा गुण ओळखला. गंमत अशी की, पंतांची पंडिती कविता सामान्यांच्या तोंडी बसली, त्यात रामजोशांच्या कीर्तनांचा वाटा मोठा. गुरुजनहो, वर्गात मोरोपंत शिकवताना हे मुलांना जरूर सांगा. १९४७ साली त्याच्यावर बोलपट निघाला, त्यात जयराम शिलेदार रामजोशी झाले होते.

आता बार्शीला चला. १९१६ साली तिथे गरीब मुसलमान घरात मेहबूब पटेल जन्मले. गाण्याचे पहिले धडे आईकडून, मुनेरबींकडून. पोटासाठी मोटारीवर क्लीनर झाले, गिरणीत राबले, संपात तुरुंगात गेले. हेच आपले शाहीर अमर शेख. अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांचा पहाडी आवाज मैदानाच्या पार टोकाला पोचे. शेवटच्या रांगेतला शेतकरीही डोके वर काढून ऐके. १९६९ साली इंदापूरजवळ मोटार अपघातात ते गेले.

आणि विठाबाई नारायणगावकर! नाव नारायणगावचे, पण जन्म १९३५ चा, पंढरपूरचा. तमाशा त्यांच्या घरातच पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. रामजोशाला फडासाठी घर सोडावे लागले. विठाबाईंचे घर म्हणजेच फड. दिवस भरले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या. मध्येच आत जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा प्रेक्षकांपुढे आल्या, ही हकीकत तमाशाच्या जाणकारांत आजही सांगतात. ऐकणारा वाहवा करतो. त्या रात्री तंबूत तिकीट काढून बसलेल्या माणसांना खेळ थांबवा असे का वाटले नाही, हे मात्र कोणी विचारत नाही.

विठाबाई २००२ साली वारल्या. अखेरचे दिवस हलाखीत गेले. त्यानंतर राज्य शासनाने तमाशा कलावंतांसाठी त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला.