टेलिटाइप गेले, शिरस्ता राहिला

कचेरीत एखादा शिरस्ता पडला की तो पाडणारा निवृत्त होतो, खुर्च्या बदलतात, इमारत बदलते, पण शिरस्ता काही बदलत नाही. सीमाभागातील वाचकांना हे वेगळे सांगायला नको. १९५६ साली मुंबई राज्य जाऊन म्हैसूर आले, १९७३ साली त्याचे कर्नाटक झाले. तरी जमिनीच्या कागदाला ‘उतारा’ म्हणण्याची रीत इकडच्या कन्नड बोलण्यातही टिकून आहे. संगणकाच्या पोटात असाच एक शिरस्ता आहे. त्याचे मूळ विजेवर खडखडणाऱ्या एका लोखंडी टंकलेखन यंत्रात आहे, आणि आपल्या देवनागरी अक्षरांना त्याचा जाच बरीच वर्षे झाला. त्याचीच ही हकिकत.

टेलिप्रिंटर पुष्कळांनी पाहिला असेल, निदान ऐकला असेल. वृत्तपत्राच्या कचेरीत इंग्रजी बातम्यांचा कागद सरसरत बाहेर यायचा आणि उपसंपादक तो फाडून मराठी करायला बसायचा. अमेरिकेत या यंत्रांची मोठी उत्पादक टेलिटाइप कॉर्पोरेशन. तिचे ‘मॉडेल ३३’ १९६३ साली बाजारात आले. सेकंदाला दहा अक्षरे हा त्याचा वेग, आणि अक्षरे फक्त रोमन, तीही सारी मोठ्या लिपीतली. मात्र ते स्वस्त होते, त्यामुळे छोट्या संगणकांना जोडायला त्याच्यासारखे दुसरे नव्हते. कळफलकावर टंकलेले संगणकाकडे जाई आणि संगणकाचे उत्तर त्याच्याच कागदावर उमटे.

१९६९ साली न्यू जर्सीतील मरे हिल येथे, बेल प्रयोगशाळेत, केन थॉम्पसनने पीडीपी-७ नावाच्या एका जुन्या संगणकावर युनिक्सची पहिली मांडणी केली. डेनिस रिची हा त्याचा सहकारी. बेल प्रयोगशाळा आणि टेलिटाइप कॉर्पोरेशन या दोन्ही एटी अँड टी या एकाच दूरध्वनी कंपनीच्या घरातल्या. तेव्हा टर्मिनल म्हणजे टेलिटाइप, हे कोणाला ठरवावेही लागले नाही. ‘टेलिटाइप’चा संक्षेप ‘टीटीवाय’. आजही युनिक्स किंवा लिनक्सला ‘मी कोणत्या टर्मिनलवर बसलो आहे’ असे विचारायचे तर टंकायची आज्ञा ‘टीटीवाय’ हीच आहे. विचारणाऱ्याने टेलिटाइप जन्मात पाहिलेले नसते.

आता कर्नल. हा पलटणीतला कर्नल नव्हे. इंग्रजीत बदामाच्या गराला जो शब्द आहे तोच हा. कार्यप्रणालीचा गाभा असा त्याचा अर्थ. यंत्राच्या प्रत्येक भागाशी बोलण्याचा हक्क या गाभ्याकडे असतो. वापरणाऱ्याच्या प्रोग्रॅमने थेट तारेला हात लावायचा नाही, गाभ्याकडे अर्ज करायचा. आणि गाभ्यालाही प्रत्येक यंत्राची बोली येत नाही. म्हणून मध्ये ड्रायव्हर नावाचा दुभाष्या. दोन भाषांच्या मुलखात दुभाष्याचे महत्त्व आपण जाणतोच: तो नीट असेल तर त्याची आठवणही होत नाही, आणि बिघडला तर दोन्ही बाजू एकमेकींना मूर्ख समजतात.

युनिक्सने या दुभाष्याशी बोलण्याची जी रीत ठरवली ती फार साधी होती. प्रत्येक यंत्र हे फाइलसारखेच दिसले पाहिजे: उघडा, वाचा, लिहा, बंद करा. गाभ्यात एक तक्ता असतो. यंत्राच्या प्रत्येक जातीला त्यात एक ओळ, आणि ओळीत ही कामे करणाऱ्या कृतींचे पत्ते. फाइलीच्या नावामागे दोन आकडे असतात. पहिला ड्रायव्हर कोणता ते सांगतो, दुसरा त्या ड्रायव्हरच्या हाताखालची कितवी तार ते सांगतो. लिनक्समध्ये पहिल्या कन्सोलचे आकडे ४ आणि १ असे असतात. प्रोग्रॅमने ‘वाच’ म्हटले की गाभा तक्ता पाहून योग्य दाराशी जातो. दारामागे टेलिटाइप आहे की आणखी काही, हे प्रोग्रॅमला कळत नाही आणि कळायची गरजही नाही.

उलट दिशेचा प्रवास अधिक गमतीचा. माणूस टंकतो सेकंदाला पाच-सात अक्षरे. दोन अक्षरांच्या मधल्या वेळात संगणक हजारो सूचना पार पाडू शकतो. पुढचे अक्षर कधी येते याची वाट पाहत बसणे त्याला परवडणारे नाही. म्हणून अक्षर आले की तारेवरचे यंत्र गाभ्याला हाक मारते. याला इंटरप्ट म्हणतात. हातातले काम आहे तिथे थांबवून ड्रायव्हर ते अक्षर उचलतो, रांगेत ठेवतो, आणि गाभा पुन्हा आपल्या कामाला लागतो. कचेरीतल्या आवक-जावक बारनिशीसारखे: टपाल आले, नोंद झाली, आता साहेब मोकळे होतील तेव्हा पाहतील.

पण रांगेतले अक्षर जसेच्या तसे प्रोग्रॅमला द्यायचे का? खरी मेख इथे आहे. टेलिटाइपचा कळफलक आणि छपाईचा भाग हे दोन स्वतंत्र होते. टंकलेले अक्षर आपोआप कागदावर येत नसे. गाभ्याने ते परत पाठवायचे, तेव्हा ते छापले जाई. (म्हणूनच परवलीचा शब्द दिसू नये असे वाटले तर गाभ्याने पाठवणे थांबवले की काम होते. आजही ते तसेच होते.) माणूस चुकला तर? कागदावरचे खोडता येत नाही. तेव्हा ‘#’ हे चिन्ह टंकले की आधीचे अक्षर रद्द समजायचे, आणि ‘@’ टंकले की सगळी ओळ रद्द. कागदावर ‘कप#मल’ असे दिसे, गाभा मात्र प्रोग्रॅमला ‘कमल’ देई. ही चिन्हे युनिक्सने मल्टिक्स या आधीच्या प्रणालीकडून घेतली. पुढे १९७१ साली रे टॉमलिन्सनने ईमेलच्या पत्त्यात ‘@’ घातले, तेव्हा मल्टिक्सवाल्यांची पंचाईत झाली. पत्ता टंकायला जावे तर ओळच पुसली जायची.

ओळ पूर्ण होऊन ‘रिटर्न’ कळ दाबेपर्यंत प्रोग्रॅमला काहीच द्यायचे नाही, हाही याच व्यवस्थेचा भाग. अक्षर परत पाठवणे, खोडणे, ओळ जमवणे ही कामे सर्व टर्मिनलांना सारखीच, म्हणून युनिक्सने ती एकेका ड्रायव्हरकडून काढून एका सामाईक थरात ठेवली. त्या थराला ‘लाइन डिसिप्लिन’ हे नाव आहे. यातली लाइन म्हणजे तार. माझ्या मते याला ‘तारेचा शिरस्ता’ हेच बरे मराठी. थराने संस्कार केलेल्या मजकुराला ‘शिजवलेला’ म्हणतात, आणि संपादनाच्या प्रोग्रॅमसारख्यांना एकेक अक्षर हवे असते म्हणून जो जसाच्या तसा दिला जातो त्याला ‘कच्चा’. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत यांच्या मधली एक अर्धकच्ची पद्धतही होती. स्वयंपाकघरातले हे शब्द अभियंत्यांनी गंभीरपणे नियमावलीत छापले आहेत.

टेलिटाइपचे अवयव या थरात किती खोल रुतले होते पाहा. छपाईचा डोलारा ओळीच्या शेवटाकडून सुरुवातीला यायला अक्षरभरापेक्षा जास्त वेळ लागे. तोपर्यंत पुढचे अक्षर पाठवले तर ते मध्येच कुठेतरी छापले जाई. म्हणून डोलारा मागे आणणे आणि कागद एक ओळ सरकवणे यांच्या दोन वेगळ्या खुणा, शिवाय ड्रायव्हरने किती थांबायचे याच्या सूचना. त्या सूचनांची नावे आजच्या नियमावलीतही आहेत. थांबायला डोलारा कुठेच नाही. कंट्रोल आणि एस दाबले की धावता मजकूर थांबतो, कंट्रोल आणि क्यू दाबले की चालू होतो. ते संकेत टेलिटाइपच्या छिद्रपट्टीचा वाचक बंद-चालू करण्याचे. कित्येक जुन्या युनिक्स यंत्रांवर आपले नाव सगळे मोठ्या रोमन अक्षरांत टंकले, तर यंत्र समजे की समोर छोटी अक्षरे नसलेले टेलिटाइप आहे, आणि मग तेही मोठ्या अक्षरांतच ओरडून बोलू लागे.

मग पडदे आले. १९७६ चे एडीएम-३ए, १९७८ चे व्हीटी-१००. पडद्यावर खरोखर खोडता येते. त्यासाठी बर्कली विद्यापीठातल्या मंडळींनी नवा शिरस्ता लिहिला: खोडताना एक घर मागे जा, कोरी जागा उमटव, पुन्हा एक घर मागे ये. तीन पावलांचे हे खोडणे लक्षात ठेवावे, पुढे त्याच्याशी गाठ आहे. एटी अँड टीने आपली वेगळी पद्धत काढली, आणि एका घराण्याच्या प्रोग्रॅमला दुसऱ्याचे टर्मिनल कळेना. १९८८ च्या पॉसिक्स मानकाने ‘टर्मिओस’ या नावाने दोघांची कशीबशी दिलजमाई केली. तोवर खुद्द टर्मिनलेच जाऊ लागली होती. खिडक्यांच्या पडद्यावर टर्मिनल हा नुसता एक प्रोग्रॅम झाला, आणि त्याच्यासाठी गाभ्यात तारेची दोन खोटी टोके निर्माण केली गेली. एका टोकाला खिडकी, दुसऱ्या टोकाला प्रोग्रॅम, मध्ये तोच शिरस्ता. तार नाही, पण तिचे नियम आहेत.

हेलसिंकीच्या लिनस टॉरव्हाल्ड्सने १९९१ साली जे लिनक्स प्रसिद्ध केले तेही सुरू झाले ते टर्मिनलपासूनच. विद्यापीठाच्या यंत्राशी बोलण्यासाठी त्याने एक प्रोग्रॅम लिहिला: एक भाग कळफलक वाचून मोडेमला देणारा, दुसरा मोडेमचे पडद्यावर आणणारा. त्यातून कार्यप्रणाली वाढली. पण हा थर त्याच्याही घरात कटकटीचाच ठरला. जुलै २००९ मध्ये खोट्या टर्मिनलांच्या एका दुरुस्तीनंतर ईमॅक्स या संपादन प्रोग्रॅममध्ये बिघाड दिसू लागला, शब्दाने शब्द वाढला, आणि हा भाग सांभाळणारा ॲलन कॉक्स ते काम सोडून मोकळा झाला. लिनक्सच्या सर्वांत जुन्या आणि जाणत्या कारागिरांपैकी तो एक. शिरस्ते मोडणाऱ्यांचे असेच होते.

आता आपल्या अक्षरांकडे. नव्वदच्या दशकात आपल्याकडे बँकांच्या अनेक शाखांत एक युनिक्स किंवा झेनिक्स यंत्र आणि त्याला जोडलेली काही टर्मिनले असत. ग्राहक मराठी, कारकून मराठी किंवा कन्नड, आणि पासबुकावर नाव रोमन. याला धोरण जबाबदार होते, तसाच तारेचा शिरस्ताही. टेलिटाइपच्या संकेतात अक्षराला सात बिट पुरत; आठवा बिट तारेवरची चूक ओळखण्यासाठी. त्यामुळे जुन्या ‘शिजवलेल्या’ पद्धतीत गाभा आठवा बिट सरळ कापून टाकी. भारतीय लिप्यांसाठीच्या ‘इस्की’ संकेताने, म्हणजे १९९१ च्या आयएस १३१९४ या मानकाने, रोमन अक्षरांना हात न लावता आपली अक्षरे १२८ च्या वर बसवली होती. इस्कीत ‘क’चा क्रमांक १७९. आठवा बिट कापला की १२८ वजा होऊन ५१ उरतात, आणि ५१ म्हणजे रोमन आकडा तीन. ‘त’चे १९४ असतात, कापल्यावर ६६ उरतात, म्हणजे इंग्रजी ‘बी’. कमळ लिहावे आणि गाभ्याने आकडेमोड हाती ठेवावी, असा प्रकार.

पॉसिक्सने आठवा बिट राखायची सोय दिली, पण ती चालू करणारा कोणीतरी हवा. आयआयटी कानपूरला सुरू झालेले आणि पुढे मोहन तांबे यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले ‘जिस्ट’चे काम या संदर्भात फार मोलाचे. जोडाक्षरे जुळवणे, वेलांटी मागे नेणे हे सगळे टर्मिनलवर सोपवायचे आणि गाभ्याने फक्त आठही बिट अखंड पोचवायचे, ही वाटणी व्यवहारी होती. दुभाष्याला व्याकरण शिकवण्यापेक्षा निरोप न कापता दे एवढेच सांगितले.

१९९२ च्या सप्टेंबरात त्याच केन थॉम्पसनने, रॉब पाइकबरोबर, न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत टेबलावरच्या कागदावर ‘यूटीएफ-८’ या संकेताची मांडणी केली. जगातल्या सगळ्या लिप्या त्यात मावतात. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला त्यात तीन बाइट लागतात. आणि गाभ्याचा शिरस्ता मात्र एक बाइट म्हणजे एक अक्षर असाच होता. खोडायची कळ दाबली की ‘म’चा तिसरा हिस्सा जाई आणि दोन हिस्से मोडक्या अवस्थेत मागे राहत. २००४ साली लिनक्सच्या २.६.४ या आवृत्तीत यासाठी एक वेगळी खूण आली. ती लावली की तिन्ही बाइट एकदम खोडले जातात.

तरी एक गोष्ट त्या दुरुस्तीत राहिली. ‘पुणे’ या शब्दात चिन्हे चार: प, उकार, ण, मात्रा. पडद्यावर घरे दोनच. खोडायची कळ एकदा दाबा. गाभा स्मरणातून मात्रा काढतो आणि पडद्याला बर्कलीचीच तीन पावले सांगतो: एक घर मागे, कोरी जागा, पुन्हा मागे. पडद्यावरून ‘णे’ पूर्ण जातो, ‘पु’ उरते. स्मरणात मात्र ‘पुण’ असते. अशा वेळी ‘रिटर्न’ दाबले तर दिसते एक आणि पोचते दुसरे. आजचे आज्ञा घेणारे प्रोग्रॅम मजकूर ‘कच्चा’ मागवून खोडण्याचे काम स्वतः करतात, म्हणून रोजच्या वापरात हे सहसा जाणवत नाही. जाणवते ते खिडक्यांशिवायच्या लिनक्स कन्सोलवर. तिथे अक्षराकृतींना एका वेळी फार तर ५१२ जागा मिळतात, आणि जोडाक्षर जुळवणारे तिथे कोणी नसते.