नेदरलँड्समध्ये सदनिका घेताना

अ‍ॅमस्टरडॅमच्या दक्षिणेस वसलेले अ‍ॅमस्टेलव्हीन हे शांत, हिरवे शहर तेथे स्थायिक होणाऱ्या भारतीय कुटुंबांच्या विशेष पसंतीचे आहे. १९३४ मध्ये उभारणी सुरू झालेले, सुमारे एक हजार हेक्टरचे 'अ‍ॅमस्टरडॅमसे बोस' हे मानवनिर्मित वन त्याला लागूनच आहे. मात्र, येथे सदनिका घेताना परिसराइतकीच कागदपत्रांचीही पारख करावी लागते.

खरेदीदाराला संपूर्ण इमारतीत हिस्सा आणि आपली सदनिका वापरण्याचा स्वतंत्र हक्क मिळतो. त्यासोबतच मालक संघटनेचे सदस्यत्व आपोआप येते. संघटनेने देखभाल आराखड्यानुसार किंवा इमारतीच्या पुनर्बांधणी खर्चाच्या किमान ०.५ टक्के रक्कम दरवर्षी राखीव निधीत टाकावी, असे बंधन २०१८ पासून आहे. हा निधी तुटपुंजा असल्यास छताच्या दुरुस्तीचा भार नव्या मालकावरही पडतो. त्यामुळे संघटनेचे हिशेब आणि सभांची इतिवृत्ते आधी वाचणे हिताचे ठरते. जमीन मालकीची की भाडेपट्ट्याची, हेही तपासावे.

गृहकर्ज साधारणपणे घराच्या मूल्याइतकेच मिळते. त्यामुळे स्वतः राहण्यासाठीच्या घरावरील दोन टक्के हस्तांतरण कर व नोटरीचे शुल्क बचतीतूनच द्यावे लागते. स्वाक्षऱ्या झालेल्या कराराची प्रत मिळाल्यावर किमान तीन दिवस कारण न देता माघार घेता येते. कागदपत्रांत शंका उरली असेल, तर ती फेडण्याची हीच अखेरची निर्धोक संधी असते.