असोदें व जळगांव : बहिणाबाई चौधरी यांचीं दोन घरें

जळगांवच्या जुन्या वस्तींत चौधरी वाडा म्हणून एक घर आहे. कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचें हें सासर. भवरलाल अँड कांताबाई जैन फौंडेशनच्या साह्यानें त्याचें जतन होऊन तेथें बहिणाबाईंचें स्मृतिसंग्रहालय झालें आहे. जातें, स्वयंपाकाचीं भांडीं, शेतकामाचीं अवजारें अशा नित्याच्या वापरांतील वस्तु तेथें ठेवलेल्या आहेत. आम्ही प्रथम गेलों तेव्हां पोथीशोधकाच्या संवयीप्रमाणें, कवयित्रीच्या हातचा कांहीं कागद आहे काय, असें विचारून बसलों. प्रश्न तोंडांतून गेल्यावर चूक आमच्या ध्यानीं आली. बहिणाबाईंस अक्षरओळख नव्हती. जिचें मूळ हस्तलिखित असणेंच शक्य नाहीं, अशा कवयित्रीच्या घराचें संशोधकानें करावयाचें काय, एवढाच या लेखाचा विषय आहे.

बहिणाबाईंचा जन्म जळगांवपासून सुमारें दोन कोसांवरील असोदें येथें झाला. पिता उखाजी महाजन, माता भिमाई. तीन भाऊ व तीन बहिणी असें भरलें शेतकरी घर. जन्मदिवसाविषयीं मात्र एक अडचण आहे. नागपंचमी, ता. २४ ऑगस्ट १८८० असें सर्वत्र छापलेलें आढळतें. परंतु शके १८०२ मधील श्रावण शुद्ध पंचमी गणितानें पाहतां ऑगस्टच्या ११ तारखेच्या सुमारास येते. २४ तारखेस श्रावणाचा वद्य पक्ष चालू होता. तिथि व तारीख या दोहोंतून एक सोडणें प्राप्त आहे. आम्ही तारीख सोडूं. निरक्षर घर तारीख विसरतें, सण विसरत नाहीं. आणि 'नागपंचमीची पोर' ही आठवण पुढें कोणीं बनविली असावी असें मानण्यास कांहीं कारण दिसत नाहीं. तारीख पुढें कोणीं तरी कागदासाठीं बसविली असावी, असा आमचा तर्क आहे. उलट पुरावा कोणाजवळ असल्यास तो अवश्य पुढें आणावा.

वयाच्या तेराव्या वर्षीं, म्हणजे १८९३ च्या सुमारास, जळगांवचे नथूजी खंडेराव चौधरी यांच्याशीं त्यांचा विवाह झाला आणि त्या चौधरी वाड्यांत आल्या. तेथें त्या ३ डिसेंबर १९५१ रोजीं मृत्यु येईपर्यंत, अठ्ठावन्न वर्षें नांदल्या. तेव्हां बालपणाचें घर तें असोद्याचें, व जतन झालें तें सासरचें, असा भेद सहज करतां येतो. आम्हांस तो पुरता पटत नाहीं. तेरा वर्षांची सून ही मूलच होय. तिचें बालपण दोन घरांत वांटलें गेलें : शब्द माहेरीं कानीं पडले, आणि ते दळणाकांडणांत सासरीं गाण्यास आले. या दोन घरांपैकीं एकाचाच अभ्यास करणें म्हणजे पोथीचीं अर्धीं पानें वाचून ती पूर्ण म्हणण्यासारखें आहे.

येथें भाषेविषयीं दोन शब्द. बहिणाबाईंच्या बोलीस अहिराणी म्हणण्याचा प्रघात पडला आहे. धुळें भागांतील, कानावर रोज अहिराणी पडणारा वाचक तो कधींही मान्य करणार नाहीं. ही पूर्व खानदेशांतील लेवा समाजाची बोली. ती वऱ्हाडीकडे झुकते. १९०६ सालीं सरकारनें खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे केले, पण बोलींची वांटणी त्याच्या फार पूर्वींची आहे. या बोलींत जात्यास 'घरोट' म्हणतात, आणि हा शब्द बहिणाबाईंनीं गाण्यांत अमर केला आहे. 'जातें' हा शब्द यंत्र शब्दापासून आला. घरोटाचें मूळ मात्र संस्कृत कोशांतच सांपडतें : घरट्ट म्हणजे दळण्याचा दगड. पंडितांच्या कोशांत निजलेला शब्द असोद्याच्या ओसरीवर जागा होता, हें पाहून आमच्यासारख्या संस्कृत शिकविण्यांत आयुष्य घालविलेल्या माणसास थोडी लाज वाटली, हें कबूल केलें पाहिजे.

आतां पाठाचा प्रश्न. वयाच्या तिसाव्या वर्षीं बहिणाबाईंस वैधव्य आलें. त्यांचे पुत्र सोपानदेव १९०७ सालीं जन्मले. तेव्हां त्यांचें सारें बालपण याच वाड्यांत गेलें. शाळेंतील सावित्रीसत्यवानाचा धडा ते घरीं मोठ्यानें वाचीत होते, आणि दुसऱ्या दिवशीं आईनें त्याच कथेचें गाणें करून म्हटलें, अशी आठवण सोपानदेव सांगत. आई रचते व मुलगा लिहितो, हा संबंध अशा रीतीनें या घरांत जुळला. सोपानदेव व त्यांचे मावसबंधु पितांबर चौधरी यांनीं गाणीं लिहून घेतलीं, आणि बहिणाबाईंच्या मृत्यूनंतर १९५२ सालीं आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंचीं गाणीं' हें पुस्तक निघालें.

लेखनिक स्वतः कवि असला कीं पाठाविषयीं सावध राहावें, असा आमच्या धंद्यांतील नियम आहे. अडाणी नकलनवीस चुका करतो, विद्वान् नकलनवीस सुधारणा करतो. आणि दुसरा रोग पहिल्याहून ओळखण्यास कठीण. सोपानदेव मान्यता पावलेले कवि होते. तरी बोलीचीं रूपें त्यांनीं शाळेच्या मराठींत ओढलीं नाहींत, हें छापील पुस्तक उघडतांच दिसतें. त्याबद्दल त्यांचे उपकार मानावे तेवढे थोडेच. परंतु मूळ प्रत नसतां या पाठाची पारख होणार कशी? ती घरांतील वस्तूंवरूनच होईल. गाण्यांतील शब्द ज्या पदार्थाचा वाचक आहे, तो पदार्थ त्याच घरांत, त्याच हातांनीं वापरलेला आज समोर आहे. दुसऱ्या कोणत्या जुन्या मराठी कवीविषयीं असें म्हणतां येईल?

येथें एक कडू गोष्ट लिहिणें भाग आहे. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यास वारले, आणि पुढच्याच वर्षीं त्यांच्या नांवें येथें संशोधन मंडळ स्थापन झालें. त्यानंतरचीं पंचवीस वर्षें खानदेशांतील माळ्यांवरून व कोनाड्यांतून दप्तरें उतरत होतीं. तीं सर्व वर्षें ही बाई जळगांवास जिवंत होती, आणि कागदामागें धांवणाऱ्यांच्या गांवीं तिचें नांवहि नव्हतें. कोणास दोष द्यावा असें नाहीं. ज्याला लिहिलेलेंच साधन दिसतें त्याला घरोटाचा आवाज ऐकूं येत नाहीं. पण जीं गाणीं लिहून घेण्यास कोणी जवळ नव्हतें तीं गेलीं, आणि तीं किती होतीं हें आतां कोणीहि सांगूं शकणार नाहीं.

राहिलें आहे तें तरी जाऊं नये. वाडा राखला गेला, हें मोठेंच काम झालें. त्यापुढचें काम आमच्यासारख्यांचें आहे. पोथीचें वर्णन आपण जसें करतों, पत्रें किती, ओळी किती, त्रुटित कोठें, तसेंच वर्णन या घरांतील प्रत्येक वस्तूचें झालें पाहिजे : बोलींतील नांव, तिच्या भागांचीं नांवें, उपयोग, आणि हें सांगणाऱ्याचें वय व गांव. गिरण्या येऊन दळण घराबाहेर गेलें तसे खुंटा, पाळ, वैरण हे शब्दहि तरुणांच्या तोंडून गेले. ते ठाऊक असलेल्या बायका आज सत्तरी ओलांडलेल्या आहेत.

असोद्यास याहून घाई आहे. नागपंचमीस नांगर धरीत नाहींत, विळीवर चिरीत नाहींत, आणि लेकी माहेरीं येतात. तेव्हां येत्या नागपंचमीस आम्ही वही घेऊन तेथें जाणार आहों. लेवा बोली जाणणारा कोणी तरुण सोबतीस मिळाल्यास बरें. आमच्या कानांचा आतां पूर्वींसारखा भरंवसा राहिलेला नाहीं.