वाद्यव्यवसाय, मंगळवेढा-मिरज परिसरातील

तंबोरा, सतार, वीणा इ. तंतुवाद्यांसाठी लागणाऱ्या भोपळ्यांची लागवड, त्यांपासून होणारी वाद्यनिर्मिती आणि त्या वाद्यांचा व्यापार यांचा हा इतिहास आहे. या व्यवसायाची दोन टोके आहेत. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा व पंढरपूर तालुक्यांतील भीमाकाठी भोपळा पिकतो. सांगली जिल्ह्यातील मिरज येथे त्याचे वाद्य होते. दुकानातील मागणी बदलली, की तिचा परिणाम काही काळाने शेतातील वेलापर्यंत पोहोचतो. म्हणून या दोन्ही स्थळांचा विचार एकत्र करणे सोयीचे ठरते.

मंगळवेढ्याची ख्याती मुख्यतः ज्वारीचे कोठार आणि दामाजीपंत, चोखामेळा, कान्होपात्रा या संतांचे गाव म्हणून आहे. तेथील ज्वारीस २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. भोपळ्याचे पीक त्या मानाने अप्रसिद्ध राहिले. हा भोपळा भाजीचा नव्हे, तर कडू जातीचा असतो. पावसाळ्यात लावलेल्या वेलावरील फळे पूर्ण पक्व होऊन वाळेपर्यंत शेतातच ठेवतात. फळ जमिनीवर वेडेवाकडे टेकल्यास त्याची घडण बिघडते. म्हणून ते वाढीच्या काळातच नीट बसवावे लागते. कवच जाड, एकसारखे व निर्दोष हवे. मोठ्या घेराचे फळ तंबोऱ्यास, मध्यम घेराचे सतारीस आणि लहान फळ विण्यास किंवा एकतारीस वापरतात. लाकूड हव्या त्या मापाचे कापता येते, भोपळ्याचे तसे नाही. पुष्कळदा कारागीर हाती आलेले फळ पाहून वाद्याचे माप ठरवितो.

मिरजेतील वाद्यनिर्मितीचा आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास झाला. शस्त्रांना धार लावणे हा शिकलगारांचा परंपरागत धंदा. इंग्रजी अंमल स्थिरावल्यावर शस्त्रांची मागणी घटली आणि या समाजातील काही कारागीर वाद्यांच्या दुरुस्तीकडे व पुढे निर्मितीकडे वळले. त्यांत फरीदसाहेब सतारमेकर यांचे नाव परंपरेने अग्रक्रमाने घेतले जाते. पटवर्धन संस्थानिकांच्या दरबारी गायकवादकांचा राबता असल्याने या कारागिरांना जाणकार गिऱ्हाईक घरबसल्या लाभले. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे विष्णु दिगंबर पलुसकर यांचे शिक्षण मिरजेतच झाले. किराणा घराण्याचे अब्दुल करीमखाँ यांनी तर मिरज हे आपले गावच मानले. १९३७ मध्ये त्यांच्या निधनानंतर येथील मीरासाहेब दर्ग्याच्या परिसरातच त्यांचे दफन झाले. स्वरांच्या सूक्ष्म लगावाविषयी आग्रही असणारा असा गायक शेजारी असणे, ही कारागिरांच्या दृष्टीने एक कठोर परीक्षाच होती.

निर्मितीची रीत पुढीलप्रमाणे आहे : भोपळा कापून, पाण्यात भिजवून आतील वाळलेला गर खरवडून काढतात व तोंडाला योग्य आकार देऊन तो पुन्हा वाळवितात. त्यावर तुणीच्या लाकडाचा गळा, दांडी व तबली जोडतात. मग नक्षीकाम व लाखेची झिलई होते. नक्षीसाठी पूर्वी हस्तिदंत आणि घोडीसाठी सांबराचे शिंग वापरीत. वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ व त्यातील नंतरच्या दुरुस्त्या यांमुळे ही द्रव्ये वर्ज्य होऊन हाड व प्लॅस्टिक प्रचारात आले. शेवटचे आणि सर्वांत कठीण काम जवारी काढण्याचे. घोडीचा पृष्ठभाग कानसेने अत्यंत सूक्ष्म घासून तारेला घुमारेदार झंकार आणावयाचा असतो. हे काम मापाने होत नाही, कानाने होते. आणि घोडी झिजत असल्याने ते पुनःपुन्हा करावे लागते. मिरजेच्या दुकानाचा पाया विक्रीइतकाच या दुरुस्तीवर उभा आहे.

दुकानाच्या दृष्टीने पाहता आवडीनिवडींतील पहिला मोठा पालट हार्मोनियमने घडविला. कलकत्त्यात १८७५ च्या सुमारास द्वारकानाथ घोष यांनी हाताच्या भात्याची सुटसुटीत पेटी प्रचारात आणली. महाराष्ट्रात संगीत रंगभूमीमुळे ती घरोघर गेली. पेटीला तारा लावाव्या लागत नाहीत, ती प्रवासात टिकते आणि नवशिक्यालाही तिच्यावर सूर सापडतो. या सोयींपुढे सारंगीची मागणी ओसरली. तिच्या स्थिर स्वरांवर आक्षेप घेणारेही याच परिसरातील होते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि ई. क्लेमंट्स यांच्या साहाय्याने श्रुति-हार्मोनियम तयार करविली. अब्दुल करीमखाँ यांचेही त्यांना साहाय्य होते. १९१६ च्या बडोदे येथील संगीत परिषदेत हे वाद्य मांडले गेले. तथापि ते रुजले नाही. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर घातलेली बंदीही १९७१ च्या सुमारास शिथिल करावी लागली. गिऱ्हाइकाने एकदा स्वीकारलेली सोय पंडितांच्या निषेधाने मागे हटत नाही, असाच हा अनुभव आहे. सुरांच्या पट्ट्या प्रथम जर्मनी व फ्रान्समधून येत. पुढे गुजरातेतील पालिताणा हे त्यांच्या निर्मितीचे केंद्र बनले.

बुलबुलतरंग हे जपानमधील ताइशोगोतो या वाद्याचे भारतीय रूप असून, बेंजो या नावाने ते महाराष्ट्रात मिरवणुकांपर्यंत पोहोचले. १९६५ नंतर बीटल्सचे जॉर्ज हॅरिसन आणि रविशंकर यांच्यामुळे पाश्चात्त्य देशांत सतारीचे वेड पसरले व येथील सतारीसही परदेशी गिऱ्हाईक लाभले. त्यानंतर गिटार व विजेवर चालणारे कीबोर्ड आले.

पंढरीच्या वाटेवरील मागणी मात्र फारशी बदलली नाही. आषाढी व कार्तिकीस टाळ, पखवाज, वीणा व चिपळ्या यांची खरेदी होतच राहिली. मैफलीची रुची पिढीगणिक पालटते; भजनी मंडळाची गरज त्यामानाने स्थिर असते. मंगळवेढा-पंढरपूर भागातील वाद्यविक्रेत्याला हा आधार मोलाचा ठरला आहे.

तंबोऱ्यावर खरा आघात इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याने केला. बंगलोर येथे १९७९ च्या सुमारास या प्रकारच्या उपकरणांची निर्मिती सुरू झाली. आता तर ते काम भ्रमणध्वनीवरही होते. रोजच्या रियाजाला हे साधन पुरते, हे मान्य करावे लागते. परंतु त्यामुळे विद्यार्थी तंबोरा जुळविण्यास शिकत नाही, आणि ज्याने तंबोरा कधी जुळविलाच नाही, त्याला चांगली जवारी ओळखता येईलच असे नाही. कारागिराला पारखी गिऱ्हाईक मिळेनासे होते, ते असे.

शेताच्या टोकालाही अडचणी आहेत. भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाल्यानंतर या पट्ट्यात ऊस वाढला, पुढे डाळिंबाच्या बागाही झाल्या. भोपळ्याचा वेल जागा फार व्यापतो. त्यातून वाद्यास योग्य फळे थोडीच निघतात आणि त्यांना गिऱ्हाईक म्हणजे मोजके कारागीर. उसाला मात्र कारखान्याची खात्रीची मागणी असते. अवकाळी पावसाने पक्व फळाला डाग पडल्यास तेही वाया जाते. काही शेतकऱ्यांनी परंपरेने बी राखून लागवड चालू ठेवली आहे. फायबरचे भोपळे वापरण्याचे प्रयोग झाले असले, तरी उत्तम तंबोऱ्यास अद्याप नैसर्गिक भोपळाच पसंत केला जातो.

मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या भोपळ्यावर ती वाद्ये उभी राहतात, तो पिकविणारा शेतकरी या मानांकनाच्या लाभात कितपत सहभागी होतो, यावर या पिकाचे पुढील क्षेत्र अवलंबून राहील.