मेफ्लायचा पंधरवडा आणि परवान्याचा तंटा

स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण ही चतुःसूत्री आमच्या पिढीने वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकली. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या आपल्या घरांतही १९०५ नंतर हे चार शब्द पोचले होते. त्यांपैकी 'बहिष्कार' या शब्दाचा इंग्रजी प्रतिशब्द 'बॉयकॉट' मात्र आयर्लंडच्या पश्चिमेस, लॉख मास्क नावाच्या सरोवराच्या काठी जन्मला, हे सहसा कोणाच्या ध्यानी नसते. १८८० साली तेथे लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट राहत असे. खंड कमी करण्याच्या मागणीवरून कुळांनी त्याच्याशी सारा व्यवहार तोडला. शेतात मजूर येईनात, दुकानदार माल देईनात. अखेर बाहेरून पन्नासएक मजूर आणून, सुमारे हजार सैनिकांच्या पहाऱ्यात पीक काढावे लागले. पाचशे पौंडांच्या पिकासाठी दहा हजार पौंड खर्च झाले, असा तेव्हाचा अंदाज होता. कारभाऱ्याचे आडनाव मात्र शब्दकोशात कायमचे जाऊन बसले.

त्यानंतर १०८ वर्षांनी त्याच प्रदेशात आणखी एक बहिष्कार झाला. त्याचे कारण जमीन नव्हती, मासे धरण्याचा परवाना होता. त्या तंट्याची हकीकत वाचकांसमोर ठेवावी, असा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम त्या पाण्याविषयी. लॉख मास्कच्या दक्षिणेस लॉख कॉरिब हे सुमारे १७६ चौरस किलोमीटरचे विस्तीर्ण सरोवर आहे. हा प्रदेश बव्हंशी चुनखडीचा. १८४० च्या दशकातील भीषण दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून या दोन सरोवरांना जोडणारा कालवा काँग गावाजवळ खोदावयास घेतला गेला. पण चुनखडीच्या भेगांतून पाणी झिरपून जाई, आणि १८५४ साली काम सोडून द्यावे लागले. तो कोरडा कालवा अजून पाहावयास मिळतो. कालव्याला जी चुनखडी घातक ठरली, तीच माशांना मात्र वरदान ठरली. तिच्यामुळे पाणी क्षारयुक्त राहते, तळाशी पाणवनस्पती, गोगलगाई व कोळंबीसारखे बारीक जीव विपुल होतात आणि त्यांवर तपकिरी ट्राउट हा मासा पोसला जातो.

या ट्राउटचा खरा सण मे महिन्याच्या मध्यापासून जूनच्या आरंभापर्यंत असतो. त्या काळात 'मेफ्लाय' नावाचा कीटक सरोवरातून लाखोंच्या संख्येने वर येतो. नाव माशीचे असले तरी ही घरमाशी नव्हे. उभे पारदर्शक पंख आणि शेपटीला तीन लांब तंतू असलेला हा नाजूक जीव आहे. त्याची अळी सुमारे दोन वर्षे तळाच्या चिखलात बीळ करून राहते. वेळ येताच ती पृष्ठभागावर येते, कात टाकते आणि पंख फुटलेला कीटक काठच्या झुडपांकडे उडतो. तेथे तो पुन्हा एकदा कात टाकतो. पंख फुटल्यावरही कात टाकणारा असा दुसरा कीटकगण नाही. या अवस्थेत त्याला खाण्यासाठी कार्यक्षम तोंडच नसते. संध्याकाळी वाऱ्याच्या आडोशाला नरांचे थवे वरखाली नाचतात, मीलन होते, माद्या पाण्यावर अंडी सोडतात आणि पंख पसरून तेथेच मरून पडतात. हे सारे आयुष्य एकदोन दिवसांचे! ॲरिस्टॉटलने अशा एका दिवसाच्या जीवाची नोंद केली आहे, आणि १६७५ साली हॉलंडच्या यान स्वामरडॅम या शास्त्रज्ञाने त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

एरवी खोल पाण्यात सावधपणे वावरणारा ट्राउट या दिवसांत पृष्ठभागावर येऊन बेभानपणे खाऊ लागतो. नवख्याच्याही गळाला मासा लागतो, म्हणून इंग्रजीभाषक या काळाला थट्टेने 'ठोंब्यांचा पंधरवडा' अशा अर्थाचे नाव देतात. आयरिश सरोवरांवरची जुनी रीत अशी : पंधरा-सतरा फुटांची काठी, तिला हलक्या रेशमी धाग्याची दोरी, आणि गळाला एकदोन जिवंत मेफ्लाय. नाव वाऱ्याला आडवी सोडावयाची. वारा दोरी पुढे उचलून नेतो आणि कीटक लाटेवर हलकेच टेकत राहतो. मासा वर आला की झटका द्यावयाचा नाही. तो आमिष घेऊन खाली वळेपर्यंत धीर धरावयाचा. हे कीटक झुडपांवरून वेचून पाहुण्यांना विकणे हा काठच्या मुलांचा हंगामी उद्योग असे. पुढे पिसे आणि रेशीम बांधून केलेली कृत्रिम माशी वापरण्याची पद्धतही तेवढीच रूढ झाली.

हा छंद केवळ युरोपीय आहे, असे मात्र कोणी समजू नये. ज्यातील गीतांच्या ओळींमुळे जुन्या मराठीचे अभ्यासक त्याच्याकडे वळतात, त्या 'मानसोल्लास' ग्रंथात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मत्स्यविनोद' असे प्रकरणच घातले आहे. माशांचे प्रकार, त्यांची आमिषे, काठी आणि दोरी यांचा त्यात तपशील आहे. १९५१ साली प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी त्यावर लेख लिहिला. फरक एवढाच, की सोमेश्वराचा विनोद राजाचा होता, तर कॉरिब-मास्कवरचा ट्राउट लोक परंपरेने विनामूल्य धरीत आले होते.

तंटा झाला तो नेमका येथेच. सामन माशासाठी परवाना पूर्वीपासून होता. १९८७ साली आयरिश सरकारने कायदा करून ट्राउट धरणाऱ्यांनाही परवाना लागू केला आणि १९८८ पासून त्याचा अंमल सुरू झाला. सरकारचे म्हणणे साधे होते : पाण्याची राखण करावयास पैसा लागतो, तो लाभ घेणाऱ्याने द्यावा. लोकांचे म्हणणेही साधेच होते : जे वाडवडिलांपासून आमचे आहे, ते आम्ही विकत का घ्यावे? आणि आज परवाना आला, उद्या पाणीच दुसऱ्याच्या मालकीचे झाले तर? पश्चिमेकडील सरोवरांवर लोकांनी परवाना घेण्यास नकार दिला. मेफ्लायच्या ऐन हंगामावर जगणाऱ्या हॉटेलवाल्यांना आणि नावाड्यांना त्याची झळ बसली. परवाना घेणारे आणि न घेणारे असे शेजाऱ्याशेजाऱ्यांत तट पडले. कीटक मात्र आपल्या वेळेवर येतच राहिले. अखेर १९९० साली सरकारने माघार घेतली आणि सक्तीच्या परवान्याऐवजी सहकारी संस्थांमार्फत ऐच्छिक वर्गणीचा मार्ग पुढे आला.

आम्ही राज्य शासनाच्या सेवेत आयुष्य घालविले. परवान्यांच्या फायलींवर शेरे मारले. ही हकीकत प्रथम वाचली तेव्हा आमचे मन सहजच सरकारच्या बाजूला झुकले, हे कबूल केले पाहिजे. रक्कम मोठी नव्हती, हेतू वाईट नव्हता. परंतु मागण्याआधी विचारले पाहिजे, ही गोष्ट तेथील कारभाऱ्यांच्याही ध्यानी आली नाही आणि आमच्याही अनेकदा आली नव्हती.

मग लोकांचा विजय झाला आणि पाणी सुरक्षित राहिले, असे म्हणावे काय? तेही खरे नाही. लॉख शीलिन या मध्य आयर्लंडमधील सरोवराची कथा वेगळी आहे. त्याच्या परिसरात डुकरांचे मोठमोठे पालनउद्योग वाढले आणि त्यांचे मलमूत्र शेतांतून झिरपत सरोवरात आले. १९७० च्या दशकाच्या आरंभी पाणी शेवाळाने हिरवे झाले. फॉस्फरस वाढला की शेवाळ माजते, ते कुजताना तळाचा प्राणवायू संपतो आणि दोन वर्षे चिखलात राहणारी अळी गुदमरते. जेथे कीटकांचे ढग उठत, तेथील हंगाम खालावला. पुढे १९८० च्या दशकात ते मलमूत्र टँकरने दूर नेण्यासाठी सरकारी साहाय्य दिले गेले. येथे कोणीही परवाना मागितला नव्हता, कोणीही बहिष्कार घातला नव्हता. सगळ्यांचे म्हणून जे होते, त्याकडे वेळेवर कोणीच पाहिले नाही.

कॉरिबवरही संकट आले. २००५ साली तेथे लॅगॅरोसिफॉन नावाची परदेशी पाणवनस्पती आढळली. तिने उथळ उपसागर भरू लागले. तेव्हा सरोवराच्या तळावर तागाचे कापड अंथरून तिचा प्रकाश तोडण्याचा उपाय करण्यात आला. कापड कालांतराने कुजून जाते आणि त्यातून मूळच्या वनस्पती पुन्हा डोके वर काढतात. हे काम सरकारी यंत्रणेशिवाय झाले नसते, आणि त्याला पैसा लागतो, तो कोठून तरी यावाच लागतो.

म्हणून आम्हांस वाटते, १९८८ च्या तंट्यात दोन्ही पक्ष अर्धे अर्धे बरोबर होते. हक्क सांगणाऱ्यांनी राखण अंगावर घेतली पाहिजे, आणि राखण करणाऱ्यांनी हक्काचा मान ठेवला पाहिजे. आपल्या गावच्या तळ्याला, देवराईला आणि गायरानालाही हेच लागू आहे. एका दिवसाच्या जीवालाही दोन वर्षे स्वच्छ चिखल लागतो; तो दोन वर्षे कोण राखणार, एवढाच खरा प्रश्न आहे.