तांबडा : धातूतून आलेला रंग

बालाघाट जिल्ह्यात मलाजखंडची तांब्याची प्रचंड उघडी खाण आहे. ‘तांबडा’ या शब्दाचं मूळही तांब्यातच आहे. संस्कृत ‘ताम्र’, प्राकृत ‘तंब’, त्याला ‘ड’ हा प्रत्यय लागला आणि मराठीला रंग मिळाला. पहाटेला ‘तांबडं फुटलं’ म्हणतात, तेही याच घराण्यातलं.

गंमत अशी, की तांब्याचं मुख्य खनिज पितळेसारखं पिवळं असतं. हवापाण्याने ते बदललं की हिरवा मॅलॅकाइट आणि निळा अझुराइट तयार होतो. तांबडेपणा दिसतो तो शुद्ध धातूत.

चित्रकाराच्या रंगचक्रात तांबडा, पिवळा, निळा हे मूळ रंग. यांच्या जोड्यांतून नारिंगी, हिरवा, जांभळा हे दुय्यम रंग होतात. त्यांतली दोन नावं थेट फळांवरून आली, नारिंग आणि जांभूळ. ‘हिरवा’ मात्र ‘हरित’चा वारस.

तांबड्याच्या बरोबर समोर हिरवा बसतो. असे पूरक रंग एकमेकांत मिसळले तर मळकट होतात, शेजारी ठेवले तर दोघेही उजळतात. पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात रंगाई सांभाळणारे रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी 1839 मध्ये याचा नियम ग्रंथरूपाने मांडला. हिरव्या लुगड्याला तांबडे काठ विणणाऱ्या आपल्या विणकरांची नजरही तितकीच पारखी होती, आणि रंगशास्त्र शिकवताना ते लुगडं वर्गात दाखवायलाच हवं.